सरांना विमान समजलं तेव्हा
आमचे सर मॉन्ट्रियलला संख्याशास्त्र शिकवायचे. विमान पडण्याची शक्यता किती नगण्य असते, हे त्यांनी वर्गात कितीदा तरी फळ्यावर मांडून दाखवलं असेल. पण कॅनडात पाऊल ठेवल्यापासून ते स्वतः पुन्हा विमानात बसले नव्हते. येताना अटलांटिकवर विमान खूप हादरलं होतं, ते त्यांना जन्माला पुरलं. आई गेली तेव्हाही ते पुण्याला गेले नाहीत. एकुलता एक मुलगा, अजित, कॅल्गरीत स्थायिक झाला. त्याच्या लग्नाला सर रेल्वे आणि बस करत पोचले, ते शेवटचं. कोणी विषय काढलाच तर म्हणायचे, "मला जमिनीवर पुष्कळ कामं आहेत."

२०१६ च्या हिवाळ्यात अजितला कॅन्सर निघाला, तोही पसरलेला. सरांच्या पत्नी, आमच्या काकू, लगेच गेल्या. मी मॉन्ट्रियललगतच्या लव्हालला त्यांच्या शेजारी राहायचे आणि विमानाच्या कारखान्यात पंखांच्या चाचण्यांवर काम करायचे. फेब्रुवारीत काकूंचा मला फोन आला.

"यांना घेऊन ये गं. रेल्वेनं नको, तेवढा वेळ नाही."

मी सरांकडे गेले आणि अपघातांच्या आकड्यांपासून सुरुवात केली.

"आकडे मला सांगू नकोस," सर म्हणाले. "हादरतं तेव्हा नेमकं काय होतं, ते सांग."

मी त्यांना गाडीत बसवलं आणि हायवेवर आल्यावर हात खिडकीबाहेर धरायला लावला. थंडी कडाक्याची होती. तळवा जरासा कलता केला तसा हात आपोआप वर उचलला गेला. मी म्हटलं, पंखालाही हवा अशीच उचलते, आणि ती कमीजास्त झाली की विमान हादरतं. बोटं बधिर होईपर्यंत ते तेच करत राहिले. मग घरी येऊन प्रश्न सुरू झाले. इंजिन बंद पडलं तर? उड्डाणानंतर पोटात खड्डा का पडतो? पंख एवढा का हलतो? मी म्हटलं, वाकतो म्हणूनच तुटत नाही. दुसऱ्या संध्याकाळी ते म्हणाले, "तिकिटं काढ."

विमान वर गेलं आणि इंजिनांचा आवाज उतरला. सरांनी माझं मनगट घट्ट धरलं.

"जोर कमी केलाय. पडत नाही आहोत. बरोबर?"

"बरोबर, सर."

पुढे बराच वेळ विमान हादरत होतं. सर खिडकीतून पंखाकडे बघत होते. "वाकू दे," ते पुटपुटले.

अजित इतका वाळला होता की मी क्षणभर ओळखलंच नाही.

"बाबा, यू फ्लू? विमानानं?" त्यानं विचारलं. "वॉज इट बॅड?"

"नाही रे. काहीच नव्हतं," सर म्हणाले, आणि बोलता बोलता त्यांचा चेहरा उतरला. अजितनं त्यांचा हात धरला, पण ते काही केल्या वर बघेनात.

आठवडाभरात अजित गेला.

परतताना सर काकूंच्या शेजारी शांत बसले होते. विमान हादरलं तरी त्यांनी कशाला धरलं नाही. बऱ्याच वेळानं ते माझ्याकडे वळले.

"एवढी वर्षं गेली, आणि समजायला दोनच संध्याकाळी लागल्या गं," ते म्हणाले. "अवघड असतं तर बरं झालं असतं."

काकूंनी ते ऐकलं.