तिसऱ्यांची वाळू

परळच्या प्रयोगशाळेत नमुने, फ्रीझर आणि याद्या सांभाळणं हे माझं काम. तिसऱ्यांसाठीची, म्हणजे खाडीतल्या शिंपल्यांसाठीची, माझी यादी सतरा ओळींची होती. कुठल्या खाडीतल्या, किती वाजता उघडल्या, किती वाजता गोठवल्या, सगळं. उघड्या बोटांच्या नुसत्या स्पर्शानेही आरएनए तुटतो, म्हणून हातमोज्यांची ओळ लाल शाईत.

संशोधन घोडपदेवच्या एका मुलीचं होतं. वय एकतीस, घरातली पहिली एमएस्सी. पेशीतल्या काही बारीक आरएनएंपासून प्रथिनं बनत नाहीत. ते जनुकांना गप्प बसवतात, आणि जीनोममध्ये इकडून तिकडे उड्या मारणाऱ्या तुकड्यांना आवरतात. बऱ्याच प्राण्यांत हा पहारा मुख्यतः बीजकोशात असतो. शिंपल्यांत तो मांसल पायातही सापडतो. घाणेरड्या खाडीत तो बदलतो का, हा तिचा प्रश्न. एक खेप कोकणातल्या स्वच्छ खाडीतली, दुसरी माहीमची. फरक दिसला तर पीएचडी पुढे सरकणार होती. नाही दिसला तर शिष्यवृत्ती मार्चमध्ये बंद.

माहीमची खेप आली त्या दिवशी तिला आईला दवाखान्यात न्यायचं होतं. कोळणीकडून टोपली मीच घेतली. तिसऱ्या चिखलाने बरबटलेल्या. आमच्या करी रोडच्या घरी तिसऱ्या आल्या की आई आधी त्या पातेलंभर नळाच्या पाण्यात टाकायची, वाळू सुटावी म्हणून. मीही तासभर टाकल्या. मग एकेक जिवंत उघडली, पाय कापले, गोठवले आणि सतराही ओळींवर खुणा केल्या. पाण्याची ओळ यादीत नव्हतीच. तांदूळ धुतले हे कुणी लिहून ठेवतं का?

फरक भरपूर दिसला. तिने पेढे वाटले. तिच्या गाईड सरांनी खात्रीसाठी माहीमची आणखी एक खेप करायला सांगितली. ती तिने स्वतः जाऊन आणली आणि लगेच उघडली. फरक गायब.

मला तेव्हाच कळलं. खाऱ्या पाण्यातला जीव तासभर गोड्या पाण्यात कोंडला, की त्याच्या पेशी हादरणारच. तिने मोजले होते ते माझ्या पातेल्यातले हाल.

बैठकीत सरांनी सगळ्यांसमोर विचारलं, "पहिल्या खेपेचं काय केलंस गं? कालवण करून उरलेल्या आणल्यास?"

सगळे हसले. मीही हसले.

"सर, ती खेप ताईंनी गोठवली होती."

"आता त्यांच्यावर ढकलतेस? त्यांची यादी बघ आधी."

मी फाईल पुढे सरकवली. तिने सतराही ओळींवरून बोट फिरवलं, दोनदा. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "सॉरी ताई. माझ्याच हातून काहीतरी झालं असेल."

"असू दे," मी म्हटलं.

मी बोलले असते तर तिला मुदतवाढ मिळाली असती. माझ्या याद्यांवर मात्र पुन्हा कुणी डोळे मिटून विश्वास ठेवला नसता.

मार्चमध्ये तिने चावी आणि कोट परत केला. मी दोन्हींवर खुणा केल्या. आता लालबागच्या एका क्लासमध्ये ती दहावीला विज्ञान शिकवते.

ती गेली त्याच दुपारी मी यादीत अठरावी ओळ घातली, लाल शाईत: गोड्या पाण्यात टाकू नयेत.

परवा तिच्या जागी आलेल्या मुलीने ती वाचून विचारलं, "ताई, असं कोण करेल?"

"तुझ्या आधी एक होती ना," मी म्हटलं, "तिने केलं होतं."