बियाण्याला दोन घरं

लग्नाला नऊ वर्षं झाली तोवर आम्ही सहा घरं बदलली होती. सगळी लोणावळ्यातच आणि सगळी भाड्याची. माझं माहेर लोणावळ्याचं, वडील रेल्वेत, एकाच क्वार्टरमध्ये मी लहानाची मोठी झाले, त्यामुळे ही विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर घेऊन फिरायची हौस मला कधीच नव्हती. पण लोणावळ्यातल्या घरमालकाला शनिवार-रविवारच्या पाहुण्यांचा वास लागला की भाडेकरू डोळ्यांत सलायला लागतो. सहापैकी चार घरं मी भांडूनच सोडली. भांडून सोडलं काय आणि हसून सोडलं काय, टेम्पो तोच येतो, पण भांडल्यावर मला झोप चांगली लागते.

पुढंपुढं मी एक युक्ती काढली होती. नव्या घरात गेल्यावर सगळं सामान सोडायचंच नाही. रोजची भांडी, कपडे, गाद्या बाहेर, बाकीच्या गोण्या बांधलेल्या तशाच भिंतीला लावून ठेवायच्या. पुन्हा बांधायचा त्रास नको. नवरा म्हणायचा, "आपण घरात राहतो की गोडाऊनमध्ये?" मी म्हणायचे, "तुम्ही घर घ्या, मी गोण्या सोडते."

त्या वर्षी मात्र सगळं एकदमच आलं. तळेगावच्या ज्या कंपनीत नवरा कंत्राटावर होता तिथलं कंत्राट संपलं. मी एका रिसॉर्टमध्ये खोल्यांची देखरेख करायचे, ते विकलं गेलं आणि नवा मालक आपली माणसं घेऊन आला. आणि त्याच महिन्यात घरमालक दारात उभा राहिला, सीझनच्या आधी खोल्या रंगवायच्यात म्हणून. या वेळी मला भांडायचंही त्राण नव्हतं. टेम्पो बोलावला आणि कामशेतच्या पुढं वडिवळ्याला, नवऱ्याच्या गावच्या घरी गेलो. थोडे दिवस, असं आम्ही सगळ्यांना सांगितलं.

वडिवळ्यात सासूबाई एकट्या राहायच्या. त्यांना आमच्याकडं आत्या म्हणतात. दोन खोल्या, पुढं पडवी, मागं गोठा आणि धरणाच्या अंगाला भाताची तीन खाचरं. आमचा फ्रीज, कपाट, गाद्या आणि त्या माझ्या गोण्या पडवीत रचल्या तेव्हा आत्यांना त्यांच्याच घरात आडवं होऊन चालावं लागायला लागलं.

नवरा रोज सकाळी फाईल घेऊन निघायचा, तळेगाव नाहीतर चाकण, आणि संध्याकाळी चेहरा पाडून यायचा. मला फोन करायचा तर रेंजसाठी धरणाच्या भिंतीपर्यंत चालत जावं लागायचं. तिथं उभी राहून मी चार ठिकाणी बायोडेटा दिले होते त्यांची चौकशी करायचे आणि परत यायचे. बाकी दिवसभर काम म्हणून काही नाही. भांडी घासायला बसले की आत्या म्हणायच्या, "ऱ्हाऊ दे, पोरी." झाडू हातात घेतला की, "ठेव, मी करते." पहिले चार दिवस बरं वाटलं. मग माझं डोकं फिरायला लागलं. पाहुणीला कोण काम सांगतं? मी नऊ वर्षं त्या घरची सून होते आणि मला तिथं पाटावर बसवून ठेवलं होतं. आतून एकच वाटायचं, आपण या बाईवर ओझं झालोय आणि ती ते बोलणार नाही.

म्हणून मी ठरवलं की न सांगता कामाला लागायचं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

एके दिवशी आत्या खाचरावर राब भाजायला गेल्या होत्या. पाऊस यायच्या आधी पाला-गोवऱ्या जाळून रोपासाठी जमीन तयार करतात, ते काम. मी पडवी आवरायला घेतली. कोपऱ्यात आढ्याला टांगलेली, भिंतीपासून लांब अशी एक फळी होती आणि फळीवर एकच गोणी. खाली चांगली जागा मोकळी असताना एकट्या गोणीनं फळी अडवलीय, हे मला बघवेना. फळीवर माझा मिक्सर आणि कुकर छान राहिला असता. गोणी उतरवली. तिच्या तोंडाशी लिंबाचा वाळका पाला कोंबला होता, तो मी कचरा म्हणून काढून उकिरड्यावर टाकला. आत सालासकट भात होतं. आमच्या लोणावळ्याच्या खोलीवर दरवर्षी आत्या पाठवायच्या तसंच. ही गोणी मी खायच्या भाताच्या गोणीशेजारी उभी केली.

दुसऱ्या दिवशी शेजारच्यांचा टेम्पो कामशेतला निघाला. घरातला तांदूळ संपत आला होता. मी दोन्ही गोण्या चढवल्या, स्वतः बरोबर गेले, गिरणीवर उभी राहून दोन्ही भरडून घेतल्या, तांदूळ पाखडला, डब्यांत भरला आणि कोंडासुद्धा म्हशीसाठी वेगळा आणला. नऊ वर्षांत एवढी शहाणी सून मी कधी झाले नव्हते.

संध्याकाळी आत्या आल्या, पाय धुतले आणि पडवीत बघत राहिल्या. "फळीवरची गोणी कुटंय गं?"

मी तोऱ्यात डब्याचं झाकण उघडलं. "गिरणीतून आणला. तुम्हाला त्रास नको म्हणून."

त्यांनी डब्यात हात घातला. मूठभर तांदूळ उचलला, बोटांतून खाली सोडला, पुन्हा उचलला. "ब्येस भरडलाय," म्हणाल्या. मग पायरीवर बसल्या आणि म्हणाल्या, "ते बी व्हतं."

मला कळायला थोडा वेळ लागला. शहरात वाढलेल्या बाईला भात म्हणजे भात. पेरायचं भात वेगळं निवडून, उन्हात वाळवून, ओल लागू नये म्हणून फळीवर ठेवतात, किडा लागू नये म्हणून लिंबाचा पाला घालतात, हे मला कोणी सांगितलं नव्हतं आणि मीही कधी विचारलं नव्हतं. आणि हे साधं बी नव्हतं. सगळ्या गावानं दुकानातून इंद्रायणीचं बी आणायला सुरुवात केली होती, आत्यांनी मात्र घरचा आंबेमोहर धरून ठेवला होता. त्या लग्न होऊन आल्या तेव्हाही त्या घरात हेच पेरत होते. दरवर्षी कापणीच्या आधी त्या खाचरात फिरून चांगल्या लोंब्या स्वतः खुडायच्या. ते सगळं मी भरडून डब्यात भरलं होतं. रोहिणी लागायला, म्हणजे पेरणीला, आठवडा उरला होता.

त्या संध्याकाळी आत्यांनी नेहमीसारखी भाकरी केली, मला वाढली, तूप हवं का विचारलं. दुसऱ्या सकाळीही तेच. शेवटी मीच चिडले. "आत्या, शिव्या द्या मला, पण असं गप्प राहू नका."

"बोलून का उगवणार हाये ते?" एवढंच म्हणाल्या आणि उठून म्हशीकडं गेल्या.

नवऱ्यानं दुकानातलं बी आणायचं सुचवलं. आत्यांनी त्याच्याकडं नुसतं बघितलं. मग जरा वेळानं त्यालाच आठवलं. "वाडीवरच्या मावशीकडं असंल की आपलं बी."

तेव्हा मला ही रीत पहिल्यांदा कळली. बी एकाच घरात ठेवायचं नाही. एका घराला आग लागेल, घुशी लागतील, पाणी शिरेल, तर दुसऱ्या घरात असावं. डोंगरावर एक वाडी आहे, तिथल्या एका बाईशी आत्यांचं तरुणपणापासून असं होतं. कापणी झाली की आत्या दोन पायल्या आंबेमोहर वर नेऊन द्यायच्या आणि तिच्या नाचणीचं बी खाली घेऊन यायच्या. तिची नाचणी आत्या बांधावर थोडी पेरायच्या, आत्यांचं भात ती वर लावायची.

"पन दोन वर्सं मी गेले न्हाई," आत्या म्हणाल्या. "गुडघं वर चढू देत न्हाईत. तिनं कशापायी ठेवलं असंल? आन आता गरज पडली म्हनून कुटल्या तोंडानं जाऊ?"

"तुम्ही नका जाऊ," मी म्हणाले. "मी घालवलंय, मीच मागते."

आत्यांनी माझ्याकडं नीट बघितलं. मग आत जाऊन एक पत्र्याचा डबा आणला. त्यात वाडीवरची नाचणी होती. दोन वर्षं वर गेल्या नव्हत्या तरी बांधावर पेरून त्यांनी ते बी जपलं होतं. हा डबा मी आवरताना कुठं फेकला नाही, हे माझं नशीब. "रिकाम्या हातानं बी मागाया जाऊ न्हाई," म्हणाल्या. मी आपल्या मनानं त्या भरडलेल्या तांदळाचीही एक पिशवी भरून घेतली.

वर चढायला मला दीड तास लागला. तीन वेळा बसले, दोन वेळा रडले, एकदा सगळ्या घरमालकांना मनापासून शिव्या दिल्या. त्यांनी आमच्या मागं टेम्पो लावले नसते तर मी त्या पडवीत कशाला आले असते? पण खरी भीती वेगळीच होती. खाली जाऊन "नाही मिळालं" असं आत्यांना सांगायचं कसं, हे मला काही केल्या सुचत नव्हतं.

वाडीवरच्या मावशी कुडाच्या घरापुढं काटक्या मोडत बसल्या होत्या. मी कोण ते सांगितलं, नाचणीचा डबा पुढं ठेवला. त्यांनी मूठभर नाचणी काढून हुंगली, एक दाणा दाताखाली फोडला. "माजीच हाये. म्हंजी जिती हाये तर तुजी सासू. मला वाटलं ग्येली का काय, दोन वर्सं पत्त्या न्हाई."

मग मी घडलं ते सगळं सांगितलं. सांगताना पिशवीतला तांदूळही दाखवला. मावशींनी तांदूळ बघितला आणि अशा हसायला लागल्या की त्यांची सून बाहेर आली. "अगं, बियान्याचा भात! जावई आला तरी कुनी घालत न्हाई."

मला हसू येईना. मी विचारलं, "मावशी, तुमच्याकडं आहे का हो आमचं बी?"

"न्हाई कसं? ती येवो न येवो, बियानं म्हातारं हुऊ देऊ न्हाई. वरच्या खाचरात दरसाल लावते मी." त्या आत गेल्या आणि शेणानं तोंड लिंपलेली लहान कणगी सुनेकडून उतरवून घेतली. लिंपण फोडलं आणि माझ्या पदरात दोन पायल्या मोजून घातल्या, वर एक ओंजळ जास्तीची. सोनेरी, सालासकट. माझा जीव भांड्यात पडला. मी तिथंच जमिनीवर बसून हमसून हमसून रडले आणि मावशी माझ्या पाठीवर थापट्या मारत, "उट आता, भिजवशील ते, हितंच उगवंल," असं म्हणत राहिल्या.

खाली आले तेव्हा आत्या पडवीच्या पायरीवरच बसल्या होत्या. सकाळपासून तिथून हलल्या नव्हत्या, असं नवऱ्यानं सांगितलं. त्यांनी बी बघितलं, हाताला लावलं, आणि पहिला प्रश्न विचारला, "ती कशी हाये?" बऱ्या आहेत, तुम्ही मेलात की काय म्हणत होत्या, असं मी सांगितल्यावर आत्या तीन दिवसांत पहिल्यांदा हसल्या.

चिमूटभर दाणे ओल्या फडक्यात बांधून चुलीजवळ ठेवले. तिसऱ्या दिवशी फडकं सोडलं तर जवळजवळ सगळ्यांना मोड. त्या वर्षी आंबेमोहर एकाच खाचरापुरता झाला, बाकी दोन खाचरांना दुकानातलं इंद्रायणी आणावं लागलं. पण पुढच्या वर्षाच्या बियाण्याची सोय झाली होती. राखेच्या वाफ्यावर बी फेकायला आत्यांनी मलाही उभं केलं. मी चार मुठी टाकल्या असतील नसतील तोच त्या ओरडल्या, "अगं मीठ टाकतीस का कालवनात? हात मोकळा सोड की. आन पाय काड तितनं, वाफा तुडवतीय म्हशीवानी."

नऊ वर्षांत त्या माझ्यावर पहिल्यांदा ओरडल्या होत्या. मला इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू. त्या दिवसापासून भांडी मी घासायला लागले आणि कुणी "ऱ्हाऊ दे" म्हटलं नाही.

आवणी, म्हणजे रोपांची लावणी, झाल्यावर नवऱ्याला तळेगावात काम लागलं आणि पाठोपाठ मला एका दवाखान्याच्या नोंदणीच्या खिडकीवर. पण कापणी होईस्तोवर आम्ही वडिवळ्यातूनच ये-जा केली. वर वाडीवर दोन पायल्या पोचवायला मीच गेले, या वेळी एकदाही न रडता. दिवाळीनंतर तळेगावात चौथ्या मजल्यावरची जागा भाड्यानं घेतली. टेम्पो भरून झाला तेव्हा आत्यांनी पत्र्याचा एक डबा माझ्या हातात दिला. आत आंबेमोहर, वर लिंबाचा पाला. "दोन घरं झाली, आता हे तिसरं," म्हणाल्या. "शेत न्हाई म्हनून का झालं? सांभाळायला काय लागतंय. दर साली जुनं आनून दे, नवं घिऊन जा."

मी डबा टेम्पोत ठेवला नाही, तळेगावापर्यंत मांडीवर घेऊन बसले. नवऱ्यानं घरात शिरताच डब्यावर चिठ्ठी चिकटवली, "गिरणीत नेऊ नये." मी ती अजून काढलेली नाही.

रात्री आत्यांचा फोन आला, त्यासाठी त्या धरणाच्या भिंतीपर्यंत चालत गेल्या होत्या. आपला मुलगा जेवला का, घरात पाणी येतं का, असं काही विचारलं नाही. "डबा कुटं ठेवला?"

"देवाच्या फळीवर. भिंतीपासून लांब."

"मग ठीक. आता गोन्या सोड."

मी म्हणाले, "आत्या, भाड्याचंच आहे हो हे पण."

"असू दे. बी ठेवलंय न्हवं तितं? सोड गोन्या."

मी सुरी घेतली आणि सगळ्या सोडल्या.