सईच्या लेखावरचं नाव

नागपूरच्या विमानतळावर बाबांनी माझी ट्रॉली धरून ठेवली आणि म्हणाले, "परक्या देशात कुणाच्या अध्यात-मध्यात पडू नकोस." मी मान डोलावली. तुम्ही सगळे काचेपलीकडून हात हलवत होतात, आणि मला हसू आलं होतं. मी कुठली पडतेय कुणाच्या अध्यात-मध्यात!

आता फ्रीमाँटला टाउनहाउस आहे. ग्रीन कार्ड मात्र अजून हातात नाही. मी फ्रीवेवर अडकलेली असायचे, तेव्हा माझ्या लेकीला, सईला, शेजारच्या लीना आंटींनी सांभाळलं. त्या मूळच्या मनिलाच्या, निवृत्त नर्स. दरवर्षी भावाच्या वाढदिवसाला, तिकडच्या रीतीप्रमाणे दीर्घायुष्यासाठी म्हणून, भरपूर नूडल्स करून आम्हाला आणून देतात. भाऊ रामोन कॉलेजच्या पेपरचा संपादक होता. तिकडे हुकूमशाही आली, पेपर बंद झाला, सोबतची मुलं तुरुंगात गेली. मग हा चष्मेवाला, सदा खोकणारा पोरगा डोंगरात क्रांतिकारकांना जाऊन मिळाला आणि तिथेच सैनिकांच्या गोळीने गेला.

यंदा सईने आंटींना विचारून विचारून शाळेच्या पेपरसाठी त्याच्यावर लेख लिहिला. लिहिणाऱ्यांना आजही उचलतात, इथेसुद्धा, असा शेवट केला. आमचा ग्रीन कार्डचा इंटरव्ह्यू तोंडावर होता. मी तिला लेखावरून स्वतःचं नाव काढायला सांगितलं.

"बट आय रोट इट, आई," एवढंच ती म्हणाली आणि तिने नाव काढलं. भांडली असती तर बरं झालं असतं.

आंटींनी तो लेख फ्रिजवर लावला. सईचं नाव का नाही, म्हणून मला विचारलं. छापायचं राहून गेलं असेल, असं मी सईच्या देखत सांगितलं. सई खाली बघत राहिली.

आंटी समजल्या. रागावल्या नाहीत, तेच जास्त लागलं. म्हणाल्या, "आमच्या आईनेही रामोनला लेखावरचं नाव काढायला लावलं होतं. शेवटी शवागारात त्याचं नाव तिलाच सांगावं लागलं."



इंटरव्ह्यू छान झाला. घर कसं आहे, असं तुम्ही फोनवर विचारता आणि मी मजेत म्हणते. खरं सांगायचं तर घरात वावरायची लाज वाटते. हे घर टिकावं म्हणूनच तर सगळं केलं. सई अजूनही लिहिते, खोलीचं दार लावून. जेवायला बोलवायला मी दार वाजवते, आणि आतून लॅपटॉप मिटल्याचा आवाज येतो.