पाठमोरा आमदार

आमची गाडी सव्वीस वर्षं घरात होती, तेव्हा तिचा सांगण्यासारखा एकही किस्सा नव्हता. लग्नाला गेली, दवाखान्यात गेली, चतुर्थीला लेण्याद्रीच्या पायथ्याशी उभी राहिली, एवढंच. मग दीड वर्ष टीव्हीवरच्या एका मालिकेत काम करून आली आणि किस्से इतके साचले की कुणी "एखादा सांगा ना" म्हटलं, तर आता सांगण्याचाच थकवा येतो.

तरी लिहायला बसले, कारण हायवेवरच्या एका हॉटेलवाल्यांना ही गाडी हवी आहे. हॉटेलच्या दारात उभी करून "मालिकेतल्या आमदाराची गाडी" असा बोर्ड लावायचा त्यांचा विचार. बोर्डाखाली लावायला चार किस्से त्यांनी माझ्याकडे मागितले. "मॅडम, तुम्ही शाळेत मराठी शिकवता, तुम्हाला काय अवघड?"

किस्से अवघड नव्हते. गाडी द्यायची की ठेवायची, हे अवघड होतं. माझे यजमान विलास जाऊन आठ महिने झाले. गाडी त्यांची. मुलगी पुण्याहून फोनवर म्हणते, "आई, उभ्या उभ्या गंजून जाईल ती." वारूळवाडीच्या बबन मिस्त्रींच्या शेडमध्ये ती उभी आहे. मिस्त्री काही म्हणत नाहीत, पण दुरुस्तीला आलेल्या गाड्या ते आता रस्त्यावर लावतात, हे मला दिसतं. हॉटेलवाल्यांना मी "रविवारी सांगते" म्हटलं. तोवर लिहून ठेवलेले हे किस्से. पहिले चार बोर्डासाठी, पुढचे नाहीत; शेवटचा तेवढा रविवारचाच आहे.

*

मालिकावाल्यांना खरं तर जीप हवी होती. ती बघायला ते मिस्त्रींकडे आले आणि क्लचच्या कामाला आलेली आमची पांढरी अँबॅसिडर बघून थांबले. दिग्दर्शक तिच्याभोवती दोनदा फिरला आणि म्हणाला, "आमदार यातूनच येणार."

आमदाराचं काम करणारे नट मुंबईचे. सज्जन गृहस्थ. पण गाडी जुन्या पद्धतीची, गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खाली. आमच्याकडे त्याला हँडल गिअर म्हणतात. पहिल्याच शॉटला त्यांनी पहिला गिअर टाकायला जाऊन रिव्हर्स टाकला. मागे चहावाल्याचा स्टोव्ह होता.

दुसरा चहा होईपर्यंत ठरलं. चेहरा दाखवायचा तेव्हा गाडी उभी आणि आत नट. गाडी पळवायची तेव्हा आत विलास, अंगात आमदाराचं जाकीट, डोक्यावर टोपी, आणि कॅमेरा मागच्या सीटवर.

संध्याकाळी घरी आल्यावर विलास म्हणाले, "दिग्दर्शक म्हणाला, तुमची पाठ अगदी आमदारासारखी आहे."

"आणि तोंड?"

"तोंडाबद्दल काही बोलला नाही."

*

सकाळी चहाच्या आधी गाडी धुवायची, ही विलासची वडिलांपासूनची सवय. पाऊस असो, पाणीटंचाई असो, एक बादली गाडीची.

मालिकेत एकदा आमदाराची गाडी चिखलातून सुसाट जाते असा प्रसंग होता. मेकअपवाल्याने दोन तास खपून माती कालवली, गाडीवर शिंतोडे उडवले. अर्धं शूटिंग झालं आणि उजेड गेला. उरलेलं दुसऱ्या दिवशी सकाळी करायचं ठरलं.

सकाळी विलास गाडी घेऊन हजर. धुतलेली, पुसलेली, बॉनेटवर झेंडूचा हार.

दिग्दर्शक खाली बसला. "भाऊ, चिखल कुठे गेला?"

"धुतला की. तसली गाडी घेऊन मी नारायणगावातनं येऊ? लोकं मला ओळखतात."

दुसऱ्यांदा चिखल लावला आणि चिखलाचं काम संपेपर्यंत गाडी घरी पाठवणं बंद झालं. युनिटने गावातलाच एक माणूस राखणीला ठेवला आणि त्याला दहा वेळा बजावलं, चिखलाला हात लावायचा नाही. त्याने लावला नाही. सकाळी फक्त पुढची काच लख्ख पुसून ठेवली.

"आहो, काचंवर चिखल असल्यावर भाऊंना रस्ता दिसंल का?" तो म्हणाला.

तो भाग तसाच दाखवला गेला. वळणाआधी काच चिखलाने माखलेली, वळणानंतर आरशासारखी. मुंबईपुण्याच्या कुणाच्या लक्षात आलं नसेल. सातवीच्या वर्गातल्या मुलींनी मात्र मला विचारलं, "बाई, आमदाराने मधेच गाडी थांबवून पुसली का?"

*

मालिकेत त्या आमदाराने नायिकेच्या वडिलांची जमीन लाटली होती. तो भाग लागल्यानंतर आठवड्याभराने आम्ही तांदूळ आणायला तळेघरला गेलो. परत येताना वाटेत एक म्हातारी गाडीसमोर येऊन उभी राहिली. हातात काठी, डोक्यावर पदर. हॉर्न दिला तरी हलेना.

विलासनी काच खाली केली. "आजी, काय झालं?"

"पयलं त्या पोरीच्या बापाची जमीन माघारी दे."

विलासनी हात जोडले. "आजी, मी आमदार न्हाई. मी नुसती गाडी चालवतो."

"मंग चालवू नगं."

  म्हातारी बाजूला आली आणि मागचं दार उघडून आत येऊन बसली.

"यष्टी आली न्हाई आज. मला घोडेगावच्या दवाखान्यात सोड. जमिनीचं वाटंनं बोलू."

आणि खरंच घोडेगाव येईपर्यंत बोलली. ती उतरेपर्यंत विलासनी कबूल केलं होतं, की मुंबईला निरोप धाडतो. त्यांनी धाडलाही. दिग्दर्शकाने जमीन परत केली नाही, तेव्हा त्या वाटेला जायचं सोडून तळेघरचा तांदूळ आम्ही दुसऱ्याकडून मागवायला लागलो.

*

आमच्याकडे लग्नात माइक असतो आणि माइकवर एक माणूस असतो. अक्षता पडेपर्यंत तो कोण कोण आले ते सांगत राहतो. कुणी पुढारी आला की नवरानवरीला थांबवून आधी त्याचा सत्कार.

माझ्या एका माजी विद्यार्थिनीच्या लग्नाला आम्ही गेलो. शूटिंगवरून थेट, त्यामुळे विलासच्या अंगात जाकीट तसंच. कार्यालयाच्या फाटकातून गाडी आत शिरली आणि माइक कडाडला, "सन्माननीय आमदारसाहेबांचं आगमन झालेलं आहे."

मी म्हटलं, "अहो, सांगा त्यांना."

"सांगतो ना," म्हणत ते उतरले. पण तोवर दोघांनी त्यांना दोन्ही दंडांना धरलं होतं. शाल, नारळ, फेटा. समोरून बघून ते आमदार नाहीत हे निम्म्या मांडवाला कळलं होतं. उरलेला निम्मा मांडव टाळ्या वाजवत होता. मग माइकवाल्याने दोन शब्द बोलायची विनंती केली.

विलासनी माइक घेतला. भटजींकडे बघितलं, घामाघूम नवऱ्या मुलाकडे बघितलं, भुकेल्या पंगतीकडे बघितलं.

"जेवून घ्या," ते म्हणाले आणि खाली उतरले.

त्या भागात अजूनही लोक म्हणतात, इतकं चांगलं भाषण एकाही आमदाराने केलं नाही.

*

दशक्रियेलाही आमच्याकडे भाषणं होतात. नदीच्या घाटावर पिंड ठेवलेले असतात, कावळ्याची वाट बघायची असते आणि तेवढ्या वेळात चार पुढारी श्रद्धांजली वाहतात. कुणी बोलावं हे घरच्यांच्या हातात नसतं. विलासच्या दशक्रियेला मी बायकांच्या घोळक्यात बसले होते. त्या दिवशी काय ऐकू येत होतं आणि काय नाही, हे मला नीट आठवत नाही. एक भाषण मात्र आठवतं.

एक गृहस्थ उठले. पांढरे कपडे, गळ्यात उपरणं. त्यांची आमची ओळख नव्हती, त्यांना पुढे दुसऱ्या घाटावर जायची घाई होती. ते म्हणाले, "विलासरावांना समोरून पाहण्याचा योग मला कधी आला नाही. परंतु त्यांची पाठ मी टीव्हीवर अनेकदा पाहिली आहे. एवढी पाठ ज्यांची, ते गृहस्थ किती मोठे असतील."

सगळे गंभीर चेहऱ्याने बसून राहिले.

बायकांच्या आणि पुरुषांच्या मधे दगडी पायरी होती. तिच्या कडेला बबन मिस्त्री खाली मान घालून बसले होते. ते हळूच, स्वतःशी म्हणाल्यासारखं म्हणाले, "मी बघितलंय समोरनं. बरं व्हतं तोंड."

दहा दिवसांत पहिल्यांदा मला हसू आलं. पदर तोंडावर धरला, तशी शेजारच्या जाऊबाईंना वाटलं मला रडू फुटलं. त्यांनी मला जवळ घेतलं. मग रडूही आलं.

*

मालिका आता दुपारी पुन्हा दाखवतात. गाडीचा प्रसंग लागला की मिस्त्रींचा फोन येतो.

"वहिनी, लावा."

एवढंच बोलतात. शाळा असली तर लावता येत नाही, सुटी असली तर लावते. आवाज बंद ठेवते. गाडी पळते, पाठ दिसते, टोपी दिसते, स्टिअरिंगवरचे हात दिसतात. मग गाडी थांबते, दार उघडतं आणि आतून दुसराच माणूस उतरतो.

मी एकदा मिस्त्रींना म्हटलं, "तुम्ही कामं सोडून कशाला बघत बसता?"

"कामंच करत व्हतो," ते म्हणाले. "टीव्ही आपला चालूच असतो."

त्यांच्या शेडमध्ये टीव्ही नव्हता. तो त्यांनी विलास गेल्यावर आणला.

*

रविवारी हॉटेलवाले ड्रायव्हर घेऊन आले. म्हणाले, बघून घेतो, चालवून घेतो, मग तुम्ही सांगा. ड्रायव्हर चाळिशीचा, मला अनोळखी. हँडल गिअर तो वडिलांच्या गाडीवर शिकलेला होता. हॉटेलवाले पुढे त्याच्या शेजारी बसले, मी आणि मिस्त्री मागे. गाडी जुन्नर रस्त्याला लागली.

मी बराच वेळ खिडकीतून बाहेर बघत होते. फ्लॉवरची शेतं, द्राक्षांचे मांडव. एका वळणावर गाडी कलली, तशी मी सरळ बसले आणि समोर बघितलं.

समोर पाठ होती. डावा खांदा खाली, मान जराशी उजवीकडे.

टीव्हीवरच्या आमदाराची ही लकब म्हणून त्या नटाचं कौतुक झालं होतं. लकब वगैरे काही नाही. पुढची सीट सोफ्यासारखी सलग, आणि ड्रायव्हरच्या बाजूची तिची एक स्प्रिंग तुटलेली. तिथे जो बसेल तो तसाच कलतो. मिस्त्री दर वर्षी बदलू म्हणायचे आणि विलास म्हणायचे, सवय झालीय.

शिवनेरी दिसायला लागल्यावर ड्रायव्हरने विचारलं, "मॅडम, वळवू का इथून?"

"थोडं पुढं घ्या."

जुन्नर आलं. बाजार मागे पडला.

"मॅडम, आता?"

"थोडं पुढं."

हॉटेलवाल्यांनी घड्याळात बघितलं. मिस्त्री खिडकीबाहेर बघत होते. लेण्याद्रीच्या पायथ्याशी पुढे जायला रस्ताच उरला नाही, तेव्हा ड्रायव्हरने काही न विचारता गाडी वळवली. 

वारूळवाडीला शेडसमोर उतरल्यावर हॉटेलवाले खूश होते. "इंजिन एक नंबर आहे. रंग मारू, टायर बदलू. आणि ती पुढची सीट काढून नवीन टाकू. माणूस वाकडा बसतो हो त्याच्यावर."

"गाडी घेऊन जा," मी म्हटलं. "रंग मारा, टायर बदला. सीटला हात लावू नका."

"का हो मॅडम?"

 मिस्त्री फडक्याला हात पुसत पुढे आले.

"ऱ्हाऊ द्या ना पावणं. शूटिंगचं सीट हाय ते. लोकं काय, इंजिन बघाया येणारेत व्हय?"