एक बाळ कमी

कुंभार पिंपळगावात बेबीनंदाबाईंना आजही सगळे सिस्टरच म्हणतात. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, पण त्याआधी एकतीस वर्षं त्यांनी आसपासच्या गावांतली बाळंतपणं केली होती. बाटलीवरची तारीख वाचल्याशिवाय त्यांनी कधी औषध दिलं नाही, आणि माणसांकडेही त्या तशाच बघायच्या. दूधवाला रोजच्यापेक्षा लवकर आला तरी विचारायच्या, "आज काय एवढी जल्दी?"

त्यांच्या घरात २०१३ साली घेतलेला कॉम्प्युटर होता. त्यात त्यांच्या हातून जन्मलेल्या प्रत्येक बाळाची नोंद होती: आईचं नाव, गाव, दिवस, वेळ, वजन. मूळ वह्यांना वाळवी लागली, तेव्हा पानांचा पुरता चुरा व्हायच्या आत त्यांनी दोन बोटांनी सगळं टाइप करून काढलं होतं. आता जे होतं ते त्या डब्यातच.

तो डबा त्या दुकानात नेत नसत. आतलं काय काढलं न् काय बसवलं, आपल्याला कसं कळणार? मशीन रुसलं की स्वतःच पेचकस घ्यायच्या, मेमरीची पट्टी काढून तिच्या पिवळ्या कडा खोडरबरानं घासायच्या, पंख्यातली धूळ सायकलच्या पंपानं उडवायच्या. घड्याळ मागं पडायला लागलं की आतला बटणासारखा सेल बदलायच्या.

एक दिवस पडद्यावर सूचना आली की या विंडोजला इथून पुढं दुरुस्त्या मिळणार नाहीत. जालन्याच्या एका दुकानदाराला फोन केला, तर तो मशीन न बघताच म्हणाला, "फेकून द्या मॅडम, नवीन घ्या." बाईंनी तिथंच फोन ठेवला. न बघता निदान करणारा डॉक्टरही त्यांना कधी पटला नव्हता.

मग संघपाल आला. तो त्यांचे यजमान भारतराव यांच्या मित्राचा मुलगा, तीर्थपुरीच्या शाळेत विज्ञान शिकवायचा.

"काकू, याच्यावर विंडोजच्या जागी लिनक्स टाकू. जुन्या मशीनला हलकं पडतं. अन् फुकट हाय."

"फुकट? कोण वाटून राह्यलं?"

"जगभरातले लोक मिळून बनवतेत."

"त्यांला माझं काय पडलंय?"

संघपाल हसला. ते हसणं बाईंना आवडलं नाही. मागच्या निवडणुकीत एका उमेदवाराचा माणूस असाच हसत आला होता. गावात अठरा वर्षांची कोण कोण झाली, तेवढी यादी त्याला हवी होती. बाईंनी त्याला चहासुद्धा न देता वाटेला लावलं होतं. हाही त्यातलाच तर नसेल?

"आधी पेनड्राइव्हवरून चालवून बघा," संघपाल म्हणाला. "आतल्या कशाला हात लागत न्हाई. पटलं तरच टाकू."

बाईंनी इंटरनेटची वायर काढून कपाटात ठेवली आणि पंधरा दिवस लिनक्स वापरून बघितलं. टायपिंग होत होतं, प्रिंट निघत होती. खोट सापडेना, म्हणून संशय वाढतच गेला. तरी शेवटी त्या "टाक" म्हणाल्या. आदल्या दिवशी यादीच्या शेवटच्या ओळीपुढं मशीननं आपसूक घातलेला आकडा त्यांनी चिठ्ठीवर उतरवून ठेवला: १२४८.

संघपालनं नोंदींची प्रत काढली, नवी सिस्टिम बसवली, यादी परत आत टाकली. बाई पूर्ण वेळ त्याच्या मागं उभ्या. काम झाल्यावर त्यानं मशीनकडूनच जन्माच्या तारखा मोजून घेतल्या आणि म्हणाला, "झालं काकू. बराबर बाराशे सत्तेचाळीस बाळं."

बाईंनी चिठ्ठी पुढं धरली. "एक कुठं गेलं?"

"जाईल कसं?"

"ते तूच सांग. कोणासाठी काढलंस?"

संघपालचा चेहरा उतरला. तो पेनड्राइव्ह टेबलावर ठेवून निघून गेला.

तो गेल्यावर बाईंनी यादी खाली सरकवली. शेवटच्या ओळीपुढं आकडा होता १२४८. त्या चरकल्या. म्हणजे एक नोंद काढली आणि गुपचूप परत घातली? दुसऱ्याच कुणाची घातली?

भारतराव म्हणाले, "अगं, पोरगं तसलं न्हाई."

"तसलं कोण असतं, ते कपाळावर लिहिलेलं नसतं."

त्या शेवटून वर तपासायला बसल्या, कारण अलीकडची बाळं तोंडपाठ होती. एकेका ओळीवर थांबत गेल्या. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत झालेली मुलगी. जुळ्यातला दुसरा, जो रडायलाच तयार नव्हता. चांगुणाबाईच्या सुनेची तिसरी खेप. कुठं वजन चुकलं नव्हतं, कुठं वेळ. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या पहिल्या ओळीवर पोचल्या. तिथं त्यांनीच कधीकाळी टाइप केलेलं होतं: आईचे नाव, गाव, दिवस, वेळ, वजन.

मथळा. इतकी वर्षं बाई मथळ्याच्या ओळीलाही बाळ धरून मोजत आल्या होत्या.

त्यांनी भारतरावांना बोलावून ती ओळ दाखवली. "फोन लाव त्याला," भारतराव म्हणाले. पण हे फोनवर सांगायचं काम नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्या एसटीनं तीर्थपुरीला गेल्या, मधल्या सुट्टीत शाळेत शिरल्या आणि चार शिक्षकांच्या देखत म्हणाल्या, "सर, मी तुम्हाला चोर ठरवलं. मोजण्यात चूक माझीच होती."

एवढ्या मोठ्या बाईनं सर म्हटल्यावर संघपाल पार ओशाळला. "काकू, बसा तरी. पाणी घ्या."

पाणी पिऊन बाईंनी पिशवीतून त्याचाच पेनड्राइव्ह काढला. "यात सगळ्या नोंदींची प्रत घेतली मी. तुझ्या घरी ठेव. माझ्या मशीनचं काय सांगावं."

संघपालनं तो दोन्ही हातांनी घेतला. "उघडायला पासवर्ड लागल का?"

"लागल," बाई म्हणाल्या. "तो मी तुला देणार न्हाई."