मामांचा डिस्पोजलचा ट्रक

चौकाचौकांत तोफा आणि रणगाडे मांडून त्यांच्यासमोर फोटो काढणाऱ्यांनो, त्या तोफेजवळच्या माणसापर्यंत भाकरी कशातून पोचत होती, हे कधी विचारलंत का? अख्ख्या कोल्हापुरात हा प्रश्न विचारून भांडणारा एकच माणूस आहे, आणि तो माझ्या आत्याचा नवरा, म्हणजे आमचे मामा. दुसरं महायुद्ध ट्रकांनी जिंकलं, अशी मामांची ठाम समजूत आहे. सेनापतींची नावं त्यांना सांगता येत नाहीत, गिअरबॉक्सचे दाते मात्र तोंडपाठ आहेत.

शिवाजी पेठेत, त्यांच्या घरामागच्या दुसऱ्याच्या मोकळ्या जागेत मामांचा ट्रक उभा आहे. युद्ध संपल्यावर सैन्याने विकून टाकलेल्या गाड्यांना लोक ‘डिस्पोजलच्या’ म्हणत, त्यातला हा एक. कॅनडात बनलेला, बसक्या नाकाचा. नाक बसकं का, हे त्यांच्याकडे चहा घेणाऱ्या प्रत्येकाला ऐकावंच लागतं: नाक आखूड, तर मागे मालाला जागा जास्त. मामांच्या वडिलांनी त्यातून मलकापूरहून लाकूड ओढलं. मामांच्या आईची वरातही त्याच्याच हौद्यातून आली.

शिरोलीच्या कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झाले तरी मामांना एका जागी बसणं जमलेलं नाही. जेवता जेवता पाट डुगडुगतो म्हणून पाचर शोधायला उठतात. जुन्या गाड्यांचा गिअर बदलताना क्लच दोनदा दाबावा लागे, म्हणून जावयाच्या नव्या कारमध्ये शेजारी बसूनही ते दोनदा पाय आपटतात. जावयाने तिथे आता जाड पायपुसणं घातलंय. मी युद्धाविरुद्ध पत्रक काढलं आणि त्यात ‘डिझेलचा धूर ओकणारे लष्करी ट्रक’ असं लिहिलं, तेव्हा मामा सकाळी सातला दारात हजर.

“युद्ध वाईट, ते बरोबर हाय,” ते म्हणाले. “पण माझी गाडी पेट्रोलवर चालती. खोटं लिवून शांतता येत न्हाय, लेका.”

मी पत्रक पुन्हा छापलं.

गेल्या आठवड्यात जागामालकाने भंगारवाला पाठवला. त्याला तिथे इमारत बांधायची आहे, ट्रक हलवा म्हणून तो वर्षभर सांगत होता. मी मोठ्या तावातावाने हौद्यावर चढलो आणि घोषणा द्यायला तोंड उघडलं. तेवढ्यात मामा खाली वाकून शांतपणे म्हणाले, “पावणं, चाकाच्या त्या तांबड्या नटाला पाना लावू नका.”

“का? बागुलबुवा येतोय का आतनं?” भंगारवाला हसला.

“चाकाची रिंग येती. दोन तुकड्यांची हाय ती, तांबड्या नटांनी जोडल्याली. आत हवा हाय तवर सोडलासा तर सरळ तोंडावर. आधी हवा काढा.”

आणि स्वतःचीच गाडी नीट कशी मोडायची, हे मामांनी त्या माणसाला तासभर शिकवलं. कुठला बोल्ट उलट फिरतो, पुढचा आस कसा उतरवायचा, सगळं. बोलता बोलता बॉनेटवरची धूळ ते बाहीने पुसत होते. मी केव्हा खाली उतरलो, मला कळलं नाही. शेवटी भंगारवाल्याने पाना पिशवीत टाकला.

“महिनाभर थांबतो, मालक. तुमच्या देखत ही मोडायला मला व्हायचं न्हाय.”

मामांनी मान हलवली. मग मला म्हणाले, “कुणी शेड दिली तर गाडी त्याची. मला नको परत. फकस्त चालती ठेवा म्हणावं.”

म्हणून हे लिहिलं. तुमच्या शाळेत, तालमीजवळ, कारखान्यात एका ट्रकपुरता आडोसा असेल, तर महिना संपायच्या आत पेठेत या आणि बसक्या नाकाचा ट्रक कुठे उभा आहे ते विचारा. क्रेन आणू नका, गाडी मामा स्वतः चालवत आणतील. मात्र परत जाताना त्यांना चालत जावं लागेल. तेव्हा तुमच्यापैकी कुणीतरी त्यांच्या घराच्या दारापर्यंत त्यांच्यासोबत चला.