फाटकावरची पाळी

आमच्या झाबर्दो गावात मेलेल्या माणसाला लगेच विश्रांती मिळत नसे. सगळ्यांत शेवटी जो पुरला गेला, तो कबरस्थानाच्या फाटकावर उभा राही, पुढचा येईपर्यंत. पुढच्याची शवपेटी आली की खांदेकरी फाटकाशी थांबत. चर्चचा किल्लीदार पुढे होई आणि उभ्या असलेल्याला नावाने हाक मारून सांगे, "तुझी पाळी संपली. अमका आलाय. जा, नीज." मग पेटी आत जाई. तेवढा वेळ फादर खाली वाकून बुटाची नाडी बांधत. धर्मप्रांताने आमच्याकडे किती फादर पाठवले, सगळ्यांच्या नाड्या त्याच जागी सुटल्या.

माझी मावशी चिल्का ही झाबर्दोची शेवटची किल्लीदार. धर्मग्रामाने तिला निवडलं, कारण निवडायला फारसं कुणी उरलं नव्हतं. चर्चची किल्ली, वेदीजवळचा दिवा आणि घंटेची दोरी तिच्याकडे. उंच, हाडकुळी, बोलायला फटकळ. गाई होत्या, मूल नव्हतं. नवरा लोव्रो लाकूडतोड्या. ओंडका पडून त्याचा डावा पाय आखूड झाला होता. त्याला उभं राहणं सोसत नसे. मिस्सेत सगळे उठले तरी तो बसून राही आणि मावशी तिकडे बघत नसे.

लोव्रो गेला तेव्हा हाक तिनेच मारली. "बार्बा, तुझी पाळी संपली. लोव्रो आलाय. जा, नीज." मग पेटीवर हात ठेवून हळूच म्हणाली, "थोडेच दिवस, हं. येर्नेय आहेच म्हातारा."

पण येर्नेय मेला नाही. झाबर्दोत मरायलाही माणसं राहिली नव्हती. आधी सिस्टरांची शाळा बंद झाली, मग राहता फादर गेला. खालच्या पोल्यान्याचे फादर ऊर्बान बाकीची चर्चं उरकून आमच्याकडे येत. त्यांच्या गाडीचा चिखल कधी वाळलेला पाहिला नाही.

मी पोल्यान्यात दिलेली. लोव्रो गेल्यानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात मावशीला भेटायला वर गेले, तेव्हा तिने मला फाटकाशी नेलं. भरदुपार होती, पण धुक्यात घंटेचा मनोरा दिसत नव्हता. बर्फ सगळीकडे सपाट पडलेला. फक्त फाटकाच्या आतल्या बाजूला दोन पावलं उमटली होती. त्यांच्याकडे येणारी वाट नव्हती, जाणारी नव्हती. बोटं रस्त्याकडे. उजवं पाऊल खोल, डावं जेमतेम टेकलेलं.

"मावशी, हे काय?"

"काय म्हणजे? पाय दुखत असणार त्याचा."

ती रोज जाऊन ते बघत होती. बर्फ पडला की सगळं बुजे, ती दोन पावलं तेवढी बुजत नसत.

मग बिशपांचा हुकूम आला. नाताळाआधीच्या आगमनकाळाच्या पहिल्या रविवारपासून झाबर्दोचा धर्मग्राम पोल्यान्यात विलीन. उतार खचत होता म्हणून वरचं कबरस्थानही बंद. फादर ऊर्बाननी हे शेवटच्या मिस्सेनंतर सांगितलं. बाकांवर मोजकी माणसं, तोंडातून वाफ निघत होती.

मावशी उठली. "फादर, मग लोव्रोचं काय?"

"चिल्काकाकू, लोव्रो देवाजवळ आहे."

"देवाजवळ नाही, फाटकाजवळ आहे. आता इथे कुणी येणार नाही. म्हणजे तो कायमचा उभा?"

मागच्या बाकावरून येर्नेय म्हणाला, "मी तयार होतो गं चिल्का. हे मेलं हृदयच थांबत नाही, त्याला काय करू?"

"तुझं कुठलं काम कधी वेळेवर झालंय?"

कुणीतरी हसलं. फादरना तिची कीव आली असावी. ते जवळ येऊन बसले. "काकू, काहीही बुडत नाही. झाबर्दोचे हक्क, कर्तव्यं, नवस, संत लेनार्टची जत्रा, सगळं पोल्यान्याकडे जातं. आता दोन नाहीत, एकच धर्मग्राम."

"कर्तव्यंसुद्धा?"

"सगळी."

"आणि मेलेले?"

"तेही आता एकाच धर्मग्रामाचे."

मावशीने खिशातून किल्ली काढून त्यांच्या हातात ठेवली. फादरना वाटलं, समजूत पटली. त्यांनी वेदीजवळचा दिवा फुंकून विझवला. मावशी त्याच आठवड्यात गाई विकून माझ्याकडे राहायला आली.

नाताळापूर्वी पोल्यान्यात अमालिया गेली. बेकरीवाल्या बोश्त्यानची आई. जन्मभर भट्टीच्या उबेला बसलेली, थाटाची बाई. पेटी पोल्यान्याच्या कबरस्थानाशी आली आणि मावशी गर्दीतून निघून सरळ तिच्या पुढ्यात उभी राहिली.

"लोव्रो! तुझी पाळी संपली. पोल्यान्याची अमालिया आलीये. जा, नीज."

फादर ऊर्बान झटकन खाली वाकले. त्यांच्या बुटांना नाड्या नव्हत्या.

"ए बाई," बोश्त्यान ओरडला, "माझ्या आईला कुठे पाठवतेस?"

"वर. धर्मग्राम एक झालाय. विचार तुझ्या फादरना."

"अगं, तिला घरातला जिना चढवत नव्हता!"

"आता नाही लागायचा दम, बाळा."

लोकांनी मावशीला बाजूला केलं. पुढे कितीतरी दिवस बेकरीत पाव घेताना लोक या गोष्टीवर हसत होते. बोश्त्यानही हसे. मग बर्फ पडला आणि एका सकाळी तो माझ्या दारात आला. "वर जायचंय. लाकडं बघायला. येतेस?" बेकरीची भट्टी विजेवर चालते, मग लाकडं कशाला, हे मी विचारलं नाही.

फाटकाच्या आत पावलं होती. अरुंद, शेजारीशेजारी, बोटं रस्त्याकडे, टाचेच्या जागी बारीक गोल भोक. लोव्रोच्या कबरीवरचा बर्फ मात्र कुणी हाताने सारखा केल्यासारखा होता. बोश्त्यान गुडघ्यावर बसला आणि त्याने त्या भोकात बोट घातलं.

"हे टाचेचे बूट मीच घातले तिला," तो म्हणाला. "मग पेटी बंद केली. कुणी पाहिले नव्हते."

आम्ही परत आलो तेव्हा मावशी चुलीपाशी बटाटे सोलत होती. बोश्त्यानने टोपी काढली. "चिल्कामावशी," तो म्हणाला, "आता आजारी कोण आहे?"

तेव्हापासून तो येर्नेयला रोज ताजा पाव पाठवू लागला. येर्नेय म्हणे, "अरे, असं खायला घातलंस तर मी आणखी जगेन!" शेवटी ईस्टरआधीच्या उपवासकाळात तो गेला. त्याच्या पेटीमागे निम्मं पोल्याने होतं आणि हाक मारायला मावशीला बोश्त्यानने स्वतः हात धरून पुढे आणलं. आता हाकेशिवाय कुणाची पेटी आत जात नाही. फादर ऊर्बाननी नाडीचे बूट घेतले.

मावशी त्यानंतर शांत झोपू लागली. या शरदात, द्राक्षं उतरल्यावर, ती झोपेतच गेली. हाक मी मारली. फादरनी किल्ली परत दिली, ती आता माझ्याकडे असते. पहिला बर्फ पडला तशी मी वर गेले. पावलं होती. लांब, हाडकुळी, ओळखीची. पण बोटं रस्त्याकडे नव्हती. आजवर सगळे कोण येतंय ते बघत उभे राहिले. ही रस्त्याकडे पाठ करून उभी आहे, तोंड लोव्रोच्या कबरीकडे.

म्हणजे पुढच्या वेळी हाक मोठ्याने मारावी लागेल. कोण मारील, ते अजून ठरलेलं नाही. यंदा सगळं पोल्याने ठणठणीत आहे. खोकला फक्त मला आहे, आणि मिस्सेत मी खोकले की बायका वळून बघतात.